सह्या त्यांच्या, आकडे माझे

जीपचा आवाज आला तेव्हा माझा उजवा हात तबकडीवर होता आणि सुई नुकती शून्याजवळ यायला लागली होती.

"सोड," मालक म्हणाले. "जीप आलीय."

"एकच राहिलाय."

"शेवंता, सोड म्हणतो ना!"

मी सोडलं नाही. सुई शून्याच्या दोन्ही अंगांना सारखी हलायला लागेपर्यंत तबकडी फिरवली, आकडा मोठ्यानं वाचला. मालकांनी घड्याळ बघून वेळ सांगितली. दोन्ही कागदावर लिहिलं आणि मगच उठले. जीप फाटकातून आत वळली तोवर मी चहाची किटली घेऊन दारात उभी होते, आणि मालक यंत्रापुढच्या स्टुलावर असे बसले होते जणू सकाळपासून तेच तिथं आहेत.

यंत्र तपासायला येणाऱ्या पाहुण्या दुसऱ्या दिवशी यायच्या होत्या. एक दिवस आधीच आल्या.

आमच्याकडे नवऱ्याला मालक म्हणतात. ते जाऊन आता सात वर्षं झाली तरी मला दुसरा शब्द सुचत नाही. नाव महिपती थोरवत. सातारा जिल्ह्यातल्या धनगरमाळ नावाच्या पठारावर एक छोटी वेधशाळा होती, तिथं ते एकतीस वर्षं निरीक्षक होते. काम ओझोन मोजायचं. आपल्या डोक्यावर वीस-पंचवीस किलोमीटर उंच या वायूचा थर आहे, सूर्याचे घातक किरण तो अडवतो. तो किती जाड आहे हे जमिनीवरून सूर्याकडे बघून मोजायचं यंत्र आमच्याकडे होतं. माणसाएवढी लांब करडी पेटी, चाकांच्या गाड्यावर ठेवलेली. रोज उन्हात ढकलायची, वरच्या भिंगातून सूर्य आत घ्यायचा, आणि मोठी तबकडी हातानं फिरवत सुई शून्यावर आणायची. सुई कधीच गप उभी राहत नाही. ती दोन्हीकडे सारखी हलली की समजायचं, शून्य आलं. तबकडीवर त्या वेळी जो आकडा असेल तो रजिस्टरात. सगळी कसोटी त्या हाताची.

आणि मालकांचा हात दीड वर्षापूर्वीच गेला होता.

पंच्याण्णव सालच्या गणपतीत पहिल्यांदा दिसलं. आरतीचं ताट त्यांच्या हातात वाजायला लागलं. साताऱ्याच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या. दिवाळीपर्यंत तबकडी धरता येईना. डाव्या हातानं करून बघितलं, महिनाभरात तोही. वेधशाळेत दुसरी जागा होती ती चार वर्षं रिकामी होती. फाटकावरचा बापू संध्याकाळी गावात जाई. उरलो आम्ही दोघं. मूलबाळ नव्हतं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ते स्टुलावर बसून होते आणि सूर्य वर चढत होता. तबकडी पुढंमागं होत होती, सुई वेड्यासारखी फिरत होती. मी गाडा ढकलायला गेले होते. म्हटलं, "सरका, मी धरते." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सरकले. मी मुलींचे झगे, बायकांची पोलकी शिवायची. मशीनचं चाक हळू फिरवून टाका नेमका पाडायची हाताला सवय होती. बारा-पंधरा दिवसांत जमलं. ते शेजारी उभं राहून सांगत, "घाई नको. सुईला येऊ दे." सांगून झालं की एकच वाक्य रोज म्हणत, "बघितलं नाही ते लिहायचं नाही." ढग आला तर 'ढग' लिहायचं. ताप आला म्हणून मी एक दिवस उठले नाही, त्या दिवशी रजिस्टरात 'निरीक्षण नाही' असं आहे. आकडे मी लिहायची. खाली 'निरीक्षक' असं छापलेलं होतं तिथं ते डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरत आणि सही करत.

असे सतरा महिने.

आलेल्या बाई होत्या डॉक्टर वत्सला उपाध्ये. चौतिशीच्या असतील. पायात बूट, खांद्याला कापडी पिशवी, आणि जीपमधून उतरल्या त्या सरळ यंत्राकडे. चहा हातात घेतला पण प्यायला विसरल्या. एका लाकडी खोक्यात दिवे आणले होते. त्या दिव्यांचा उजेड किती ते आधीच ठाऊक असतं, तो यंत्रापुढं धरला की यंत्र बरोबर आहे की बिघडलंय ते कळतं. दुपारपर्यंत त्यांनी एकटीनं तपासणी केली. मालक फक्त बाजूला उभे राहिले, हात पाठीमागं बांधून.

"यंत्र चोख आहे," जेवायला बसल्यावर त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर मात्र आनंद दिसेना. "थोरवत साहेब, तुमचे आकडे कुठं जातात माहीत आहे?"

"मोठ्या कचेरीत."

"तिथून माझ्याकडे येतात."

मी भाकरी वाढत होते, थांबले. दर महिन्याच्या एक तारखेला बापू ते पाकीट टपालात टाकायचा. पुढं त्याचं काय होतं हे कधी मनातच आलं नव्हतं.

त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. दीड वर्षापूर्वी एक उपग्रह वर गेला होता. तो वरून ओझोन मोजतो, सगळ्या पृथ्वीचा. "पण वर गेलेलं यंत्र नीट चाललंय का हे बघायला कुणी वर जाऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "ते जमिनीवरूनच ताडून बघावं लागतं. उपग्रह म्हणतो, तुमच्या डोक्यावरचा ओझोन सतरा महिन्यांत तीन टक्क्यांनी उतरला. हळूहळू, सरळ उतार. आणि तुमचं रजिस्टर म्हणतं, उतरलाच नाही."

"तीन टक्के म्हणजे थोडंच झालं की," मी म्हटलं.

"थोडं नाही, काकू. खरं असेल तर जगभर बोंब होईल. खोटं असेल तर आम्ही बोंब मारून फसू. दोघांतला एक चुकतोय."

"बाकीच्या वेधशाळा?" मालकांनी विचारलं.

"कुठं यंत्र दुरुस्तीला गेलेलं, कुठं माणूस बदलीवर. सलग सतरा महिने फक्त तुमचे आहेत. उद्या तुम्ही निरीक्षण घेताना मी बघेन. एका दिवसाच्या आकड्यानं काही ठरत नाही, ओझोन रोज खालीवर होतो. पण माणूस कसं काम करतो ते कळतं."

मालकांचा हात ताटाच्या कडेवर वाजला. त्यांनी हात मांडीवर नेला आणि पंचा वर ओढला. मॅडम आमटीत भाकरी कुस्करत होत्या. बघितलं की नाही मला कळलं नाही.

त्या पाहुण्यांच्या खोलीत गेल्यावर मालक परसात येऊन उभे राहिले.

"उद्या मी बसणार."

"आणि हात?"

"सकाळी दोन गोळ्या घेतो. एक दिवस ऐकेल."

"अन् नाही ऐकला तर?"

"तर माझं मी बघेन. तू काही बोलायचं नाहीस. सही माझी आहे, शेवंता. ज्यानं बघितलं त्यानंच सही करायची असते. सतरा महिने खोटी सही केलीय मी. कळलं तर नोकरी जाईल, पेन्शन जाईल, अन् नाव जाईल ते वेगळंच."

मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी आकाश कोरं होतं. मार्चचा पहिला आठवडा, वाराही नव्हता. मालकांनी इस्त्रीचा सदरा घातला. साडेनऊला गाडा बाहेर काढला. मॅडम वही घेऊन बाजूच्या खुर्चीत बसल्या. मी दारात गहू निवडायला घेतले होते.

गोळ्यांनी काही केलं नाही. उलट भीतीनं जास्तच झालं असेल. बोटं तबकडीला लागली की तबकडी हलायची, सुई या टोकाची त्या टोकाला. त्यांनी कोपर पेटीला टेकवलं. मग डावा हात वर ठेवला. कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्याला आला तरी पुसला नाही. एक आकडा सांगितला. पाच मिनिटांनी दुसरा सांगितला, तो पहिल्यापासून कितीतरी लांब. तिसरा आणखी भलतीकडे. मॅडमनी तिन्ही लिहून घेतले. चौथ्या वेळी त्यांनी वही मिटली.

"राहू द्या, काका," त्या म्हणाल्या. आदल्या दिवशी साहेब म्हणत होत्या.

मालक उठले नाहीत. तबकडीकडे बघत बसून राहिले.

ओसरीवर येऊन मॅडम त्यांच्या शेजारी बसल्या आणि अगदी हलक्या आवाजात बोलल्या. मी आत होते, दार उघडं होतं, शब्द न् शब्द ऐकू आला.

"कधीपासून आहे हे?"

"दीड वर्ष झालं."

"म्हणजे उपग्रह वर गेल्यापासूनच." त्यांनी मोठा श्वास सोडला. तो सुटकेचा होता, हे मला तिथूनही कळलं. "काका, माझ्या वडिलांनाही असंच होतं. तुम्ही घाबरू नका. मी कुणावर ठपका ठेवणार नाही. एवढंच लिहीन की निरीक्षकांच्या आजारपणामुळे पंच्याण्णवच्या दिवाळीनंतरचे आकडे धरण्यासारखे नाहीत. आजारपणाची निवृत्ती मिळेल तुम्हाला, सन्मानानं. एवढ्या वर्षांची नोकरी आहे. मी स्वतः शिफारस करीन."

"आणि आकडे?" मालकांनी विचारलं.

"ते बाजूला ठेवावे लागतील. सतरा महिन्यांचे."

मालकांनी सदऱ्याची बाही खाली ओढली. मग म्हणाले, "बरं."

एवढंच. बरं.

मी चुलीपुढं बसले. खरं तर सगळं नीट झालं होतं. कुणाला काही कळलं नव्हतं, मालकांची अब्रू राहिली होती, पेन्शन राहिली होती. बाई मायाळू निघाली होती. माझ्या जागी कुणीही देवापुढं साखर ठेवली असती.

पण मला पावसाळ्यातले दिवस आठवत होते. ढग फाटेल म्हणून छत्री घेऊन गाड्याशेजारी तीन-तीन तास उभी राहिलेली मी. मे महिन्यात पेटी इतकी तापायची की हाताला फडकं गुंडाळावं लागे. माझी आई गेल्याचा निरोप आला त्या दिवशी आधी सकाळचे तीन आकडे घेतले, मग एसटीला गेले आणि रात्रीच परतले. त्यातला एकही आकडा मी मनानं लिहिला नव्हता. आणि आता ते सगळे कंपवातवाल्या माणसाचे हललेले आकडे म्हणून फेकले जाणार होते. वर कुणीतरी उपग्रहाचं खरं धरणार, आणि आभाळ विरतंय असं जगाला सांगणार. ते विरत नव्हतं. मी रोज बघत होते.

तीन वाजता मालकांचा डोळा लागला. मी रजिस्टर काखेत मारलं आणि पाहुण्यांच्या खोलीचं दार वाजवलं.

मॅडम टेबलाशी लिहीत होत्या. "या काकू. काका झोपले?"

"झोपले." मी रजिस्टर त्यांच्यापुढं ठेवलं. "मॅडम, हे आकडे फेकू नका. हे त्यांच्या हाताचे नाहीत."

"म्हणजे?"

"सह्या त्यांच्या. आकडे माझे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं, रजिस्टर उघडलं, सतरा महिने मागं गेल्या. मग त्याच्याही मागं, मालकांच्या तिरप्या अक्षरापर्यंत. पुन्हा पुढं, माझ्या गोल अक्षरापर्यंत.

"सगळे?"

"सगळे. एक दिवस ताप होता तेवढा सोडून. तो तिथं लिहिलेला आहे."

"शिक्षण किती तुमचं?"

"सातवी."

"काकू, तुम्ही काय सांगताय ते कळतंय का तुम्हाला?" आवाज चढला होता. "सरकारी नोंदीवर सतरा महिने खोटी सही. नोकरीत नसलेल्या माणसानं यंत्र हाताळलं. मी आज सकाळी त्यांना वाचवलं होतं! तुम्ही गप्प बसला असता तर..."

"तर आकडे गेले असते."

"जाऊ दे की! तुम्हाला काय त्याचं?"

मी म्हटलं, "उद्या मला बसवून बघा. चुकले तर फेका."

त्यांनी खुर्ची मागं सारली आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं चिडल्या. पण परत वळल्या तेव्हा चेहरा पांढरा पडला होता.

"बसा," म्हणाल्या. मी पलंगाच्या कडेवर बसले.

"वरच्या यंत्राला सूर्याकडे सरळ बघता येत नाही. म्हणून एक पांढरी पाटी बसवलीय, ताटाएवढी. तिच्यावर पडलेलं ऊन ते बघतं, आणि त्या उन्हाशी पृथ्वीवरून येणारा उजेड ताडतं. सगळं मोजमाप त्या पाटीवर. पाटी काळवंडली तर मोजमापही घसरत जातं, थोडं थोडं. उतार लागल्यासारखं."

"मग पाटी काळवंडली का ते बघायचं."

"वर दुसरी एक आहे, झाकून ठेवलेली. ती उघडली की दोन्ही ताडता येतात. पण उघडली की तीही खराब होऊ लागते, म्हणून ती उघडायला मोठी परवानगी लागते. पहिलीवर संशय आहे असं कुणीतरी लिहून द्यावं लागतं."

"कुणी?"

"मी."

"का? पहिली कुणी केलीय?"

"मीच," त्या म्हणाल्या. "आठ वर्षं लागली."

खाली रस्त्यावर बापूची सायकल वाजली. त्या बाईला इथं येताना काय वाटत असेल ते मला तेव्हा कळलं. आमचं चुकलेलं निघावं म्हणून ती एवढ्या लांब आली होती, आणि सकाळी तिला ते मिळालंही होतं.

"उद्या नऊला," त्या म्हणाल्या.

मालकांना मीच सांगितलं. दिवेलागणीला, ते हातपाय धुऊन आल्यावर. वाटलं होतं ओरडतील. ते फक्त म्हणाले, "मला विचारलं नाहीस." मग भिंतीकडे तोंड करून पडले. जेवले नाहीत.

सकाळी मॅडमनी खोलीतच दिवा लावला, तबकडीवरच्या आकड्यांवर कागद चिकटवला, मला दिसू नये असा. म्हणाल्या, "सुई शून्यावर आणा आणि थांबा म्हणा. आकडा मी वाचेन. दहा वेळा. दिवा तोच आहे, तर आकडाही तोच यायला हवा."

मी बसले. हात तबकडीला लागला आणि मग बाकी काही राहिलं नाही. सुई आली. थांबा. त्यांनी तबकडी भलतीकडे फिरवली. पुन्हा सुई आणली. थांबा. दहा वेळा झालं तेव्हा त्यांनी मला उठवलं, स्वतः बसल्या, मला कागदामागचे आकडे वाचायला लावले. त्यांचेही दहा झाले.

दोन्ही रांगा शेजारी लिहून त्या बघत राहिल्या.

"कसे आहेत?" मी विचारलं.

"माझे एकमेकांपासून जेवढे हलले, त्याच्या निम्मे तुमचे हललेत."

मालक दारात उभे होते. कधी आले कळलं नव्हतं.

मग बाहेर उन्हात झालं, सूर्यावर. तिथंही तेच. दुपारभर मॅडम रजिस्टरं घेऊन बसल्या. नव्वद सालापासूनची. आलेखाच्या कागदावर ठिपके टाकत गेल्या. संध्याकाळी निघताना कागद मला दाखवला. "इथं कुठंतरी हात बदलला," म्हणाल्या. "दिवाळी पंच्याण्णव. सांगा बघू कुठं?" मी बघितलं. ठिपके एका पट्ट्यात सरळ गेले होते. कुठं बदलला ते मलाही सांगता येईना.

जीपमध्ये खोकं चढवल्यावर त्या मालकांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"काका, मला सगळं लिहावं लागेल. सह्यांचंही. ते लपवलं आणि पुढं कुणाला कळलं, तर हे आकडे कायमचे खोटे ठरतील."

"लिहा," मालक म्हणाले.

"काकूंना दोष देऊ नका."

मालक फाटक उघडायला गेले.

एप्रिलच्या शेवटी चौकशी झाली. दोन साहेब आले, अर्ध्या तासात गेले. पेन्शन वाचली, मॅडमनी शिफारस केली होतीच. पण मालकांच्या सेवापुस्तकात लाल शाईनं शेरा पडला, खोट्या सहीचा, आणि जून अखेर क्वार्टर सोडायचं पत्र आलं. त्यांच्या जागी बर्वे म्हणून चाळिशीचे गृहस्थ बदलून आले. बी.एस्सी. होते, सज्जन होते, पण हे यंत्र त्यांनी कधी बघितलं नव्हतं. शिकवणार कोण? तीन आठवडे मी शिकवलं. मला नोकरीत घ्यायचा प्रश्नच नव्हता; सातवी पासला ती जागा नाही.

सामान बांधताना मालक एकदाच बोलले.

"एकतीस वर्षांत माझ्या पुस्तकात लाल शाई नव्हती."

"ते आकडे फेकणार होते हो."

"फेकले असते तर फेकले असते," ते म्हणाले, आणि घड्याळ वर्तमानपत्रात गुंडाळू लागले. हात हलत होता म्हणून कागद फाटला. मी पुढं झाले तर म्हणाले, "राहू दे."

आम्ही कोरेगावला दोन खोल्या घेऊन राहिलो. बाजाराच्या मागं. तिथं आभाळ पत्र्यांच्या मधून दिसायचं. सकाळी साडेनऊला मला नुसतं बसवेना. मी कपडे शिवायला घेई. मालक वर्तमानपत्र वाचत. जेवायला वाढ, औषध दे, खिडकी लाव, एवढंच बोलणं. भांडण असतं तर बरं झालं असतं. त्यांचं माझ्यावर प्रेम नव्हतं असं नाही. मला ताप आला तर थरथरत्या हातानं पाण्याची पट्टी ठेवत. पण त्या मार्चनंतर माझं नाव घेऊन हाक मारली नव्हती.

श्रावणात मॅडमचं पत्र आलं. हातानं लिहिलेलं, दोन पानांचं. मी मालकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. दुसरी पाटी उघडायची परवानगी मिळाली होती. दोन्ही ताडून बघितल्या. पहिली काळवंडली होती, तीन टक्क्यांचा उतार दिसायला जेवढी काळवंडायला हवी बरोबर तेवढी. उपग्रहाचे सगळे आकडे दुरुस्त करायला घेतले होते. ओझोन उतरलाच नव्हता. पत्रात एक ओळ अशीही होती की पुढच्या उपग्रहाच्या पाटीचं काम आता दुसऱ्या कुणाकडे गेलंय, आणि ते योग्यच आहे. शेवटी लिहिलं होतं, 'काकू, ताडायला आमच्याकडे तुमच्याशिवाय काहीच नव्हतं.'

वाचून झालं. मालकांनी पत्र मागून घेतलं. चष्मा लावून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग घडी केली, त्याला बराच वेळ लागला, आणि उशीखाली ठेवलं.

दिवाळी झाली. कार्तिकातली सकाळ होती, दहाचा सुमार. मी दाराशी मशीनवर बसले होते. घरमालकांच्या मुलीनं हाक मारली, "काका, धनगरमाळावरून फोन आहे!" फोन त्यांच्या ओसरीवर असायचा, आमच्या दारापासून चार पावलांवर. मालक काठी टेकत गेले. मशीन थांबलं होतं, त्यामुळे पलीकडचा आवाजही अर्धामुर्धा कानावर येत होता. बर्वे होते. धुरकट हवा आहे, सुई शून्यावर ठरतच नाहीये, सकाळपासून दोनदा केलं, आकडे जुळत नाहीत, आता ऊन वर चाललंय, काय करू?

मालकांनी सगळं ऐकून घेतलं. हे त्यांना येत होतं. मला शिकवलं होतं ते त्यांनीच. मला वाटलं, आता सांगतील.

"मला काय विचारता, बर्वे?" ते म्हणाले. "थांबा जरा. फोन ठेवू नका." मग रिसीव्हर छातीशी धरून ते माझ्याकडे वळले. हात इतका हलत होता की वायर भिंतीवर आपटत होती.

"शेवंता," त्यांनी हाक मारली. आणि तोंड पुन्हा फोनला लावून म्हणाले, "निरीक्षकांना बोलावलंय. येतायत."